एकबैल्यांचा वाद

आपल्या जुन्या न्यायपरंपरेने वादाचे तीन प्रकार सांगून ठेवले आहेत. सत्य हाती लागावे म्हणून दोघे मिळून करतात तो वाद. आपण जिंकावे म्हणून करतात तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ समोरच्याचे मोडावे म्हणून करतात ती वितंडा. पहिल्यात हरणाऱ्याचाही लाभ असतो, दुसऱ्यात जिंकणाऱ्याचीही हानी असते, आणि तिसऱ्याबद्दल न बोललेलेच बरे. अडचण अशी की, वाद करता करता आपण जल्पात केव्हा उतरलो हे माणसाचे त्याला कळत नाही. आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्याला तर ते सर्वांत उशिरा कळते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलपासून आत असलेल्या उंबरदरा गावात चैत्राम बारेला आणि नथ्थू तडवी यांची सावड होती. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याने दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवायची, दोघांची शेते मिळून नांगरायची आणि पेरायची, ही त्या भागातली जुनी रीत. चैत्रामचा हौशा जुवाला डावीकडे लागे, नथ्थूचा शेरू उजवीकडे. इतक्या वर्षांत दोन्ही जनावरांना आपापली बाजू अशी अंगवळणी पडली होती की, बाजू बदलली तर ती जागची हलत नसत. गावात ट्रॅक्टर आले होते; पण नाल्याकाठच्या उताराच्या काळ्या पट्टीत ट्रॅक्टर घालायला कोणी धजत नसे, आणि या दोघांची रब्बीची दादर, म्हणजे थंडीतली ज्वारी, त्याच पट्टीत होत असे. वर्षाची भाकरी तिथेच होती.

नथ्थू जन्माने तडवी, म्हणजे भिल्लांमधला मुसलमान. पहाटेची नमाज त्याने कधी चुकवली नव्हती. चैत्रामने ऐन तरुणपणी बाप्तिस्मा घेतला होता. नाव जुनेच ठेवले, दारू सोडली, आणि ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना चालवण्याइतका तो पवित्र शास्त्रात मुरला. दुपारी बैल सोडून बांधावरच्या निंबाखाली भाकरी खाताना दोघांचे बोलणे हमखास एकाच विषयावर येई. ईसा, म्हणजे येशू, नबी की देवाचा पुत्र? शेवटचा शब्द कोणाचा? कोणाचा ग्रंथ जसाच्या तसा राहिला? पुष्कळ वर्षे हे बोलणे चटणीसारखे होते, भाकरीबरोबर लागे आणि पोटाला बाधत नसे. चैत्रामची बायको बुधीबाई ताक घेऊन आली की म्हणे, "आते कोन जिंकनं? देव का देव?"

मग दोघांच्या घरी मोठ्या पडद्याचे मोबाईल आले. नथ्थूला त्याचा जावई भुसावळहून चित्रफिती पाठवी, चैत्रामला मंडळीच्या तरुण संघाचा प्रमुख गोपाल. कुठल्या तरी दूरच्या देशांतले, कोट घातलेले लोक त्यांत एकमेकांना निरुत्तर करीत, आणि खाली टाळ्या वाजत. दोघे बांधावर येताना आता भाकरीबरोबर अशी उधार उत्तरेही बांधून आणू लागले.

त्या वर्षी दादरच्या पेरणीआधी, जमीन वखरून तयार झाली त्या दुपारी, नथ्थू म्हणाला, "तुमना किताब मानसेस्नी बदलाई टाका शे, चैत्राम. हाई मी नही सांगत, बठ्ठा जग सांगस."

चैत्रामने हातातला घास खाली ठेवला. "कोनी बदला? कव्हय बदला? देवले सवताना शब्द राखता उना नही का?"

"राखा ना. म्हनीसन तर शेवटला नबी धाडा."

"पोऱ्या घर उना, मंग डाकियाना काय काम ऱ्हायनं?" चैत्राम बोलून गेला. पुत्र स्वतः आल्यावर निरोप्याचे काय काम, हे वाक्य गोपालने पाठवलेल्या फितीतले होते. त्याला ते फार चपखल वाटले होते. पण नथ्थूच्या तोंडावरचे रक्त उतरलेले त्याने पाहिले, आणि ते वाक्य आपल्या तोंडातले नव्हतेच असे त्याला वाटले. ते परत घेण्याची मात्र जीभ झाली नाही.

त्या दिवशी नथ्थूने शेरूला जुवातून काढला आणि निरोप न घेता नेला.

गावातल्या आश्रमशाळेत ज्योतीताई शिकवीत. त्यांचे वडील नाना जामनेरला उभा जन्म संस्कृत शिकवून लेकीकडे राहायला आले होते. त्यांचे फिरणे नाल्याच्या कडेने असे, आणि निंबाखालचा वाद ते दुरून ऐकत आले होते. दोघे वेगवेगळ्या वाटांनी जाताना दिसले, तेव्हा नानांनी दोघांनाही बोलावून घेतले.

"आमच्याकडेही हा वाद झालेला आहे," नाना सावकाश म्हणाले. "वेद कोणी केला की कोणी केलाच नाही, शब्द प्रमाण का मानायचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. पण एक शिस्त होती. समोरच्याचे म्हणणे आधी आपण मांडायचे, आणि ते त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतके चांगले मांडायचे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. समोरचा 'हो, हेच माझे म्हणणे' असे म्हणेपर्यंत आपल्याला उत्तर देण्याचा अधिकार नाही."

"म्हंजे मी याना येशू सांगू?" नथ्थूने विचारले.

"आणि याने तुमचे पैगंबरसाहेब सांगायचे."

दोघे एकमेकांकडे न बघता कबूल झाले. रविवारी दुपारी आश्रमशाळेच्या ओसरीवर बसायचे ठरले. दोन्हीकडचे लोक जमले. गोपालने मोबाईल खांबाला टेकवून ठेवला होता. नानांना वाटले, चांगले आहे, नोंद राहील.

आधी नथ्थू उभा राहिला. टोपी सारखी केली, घसा खाकरला, आणि म्हणाला, "आते मी नथ्थू नही. मी चैत्राम शे असं समजा."

आणि मग त्याने जे मांडले ते ऐकायला चैत्राम पुढे सरकून बसला. नथ्थू म्हणाला, देवाने नबी धाडले, वाट दाखवली, आणि माणसाने वाट सोडली. बाप लेकराला शिकवायला गुरुजी धाडतो. पण लेकरू विहिरीत पडले तर गुरुजी धाडत नाही, स्वतः उडी घेतो. येशू म्हणजे देवाने घेतलेली ती उडी. येशूची हकीकत चौघांनी लिहिली म्हणून किताब खोटा कसा? हरवलेला बैल चार माणसांनी चार शेतांत पाहिला, तर चौघांचे सांगणे निराळे असते. बैल मात्र एकच असतो. आणि जो देव शेवटचा शब्द राखू शकतो, त्याच्या हातून पहिला शब्द निसटला असे म्हणणे म्हणजे त्याची मूठ ढिली ठरवणे. "येशू देवना पोऱ्या शे," नथ्थू शेवटी म्हणाला, "आनी त्याना मांगे कोनी यावानं बाकी नही."

इतक्या वर्षांच्या भाकऱ्या खाताना हा माणूस भांडतच होता असे चैत्राम समजत होता. पण नथ्थू ऐकतही होता. चैत्राम उठला आणि म्हणाला, "व्हई. हाईच मनं सांगनं शे."

तेवढ्यात मशिदीतून असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची अजान झाली. नथ्थू आणि त्याच्याकडचे लोक नमाजला उठले. ऊन कलले होते, नानांनाही थकवा आला होता. चैत्रामची पाळी पुढच्या रविवारी ठेवू, असे ते म्हणाले, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चित्रफीत चोपड्यापासून रावेरपर्यंत फिरली होती. 'मी चैत्राम शे असं समजा' हे वाक्य तिच्यात नव्हते. 'येशू देवना पोऱ्या शे' तेवढे होते, टोपी घातलेला नथ्थू होता, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'तडवी बांधवाची साक्ष'.

चैत्राम तडक गोपालकडे गेला. गोपाल अंगणात मोटारसायकल धूत होता.

"हाई काय करं तू?"

"काका, रागावू नका. एवढी लांब फीत कोण पाहतं? मी महत्त्वाचा भाग ठेवला." गोपाल यावलच्या कॉलेजात शिकलेला, त्याची भाषा शहरी होती. "आणि त्यात खोटं काय आहे? त्याचं तोंड, त्याचे शब्द."

"शब्द मना व्हतात! तो फक्त मना करता बोलना!"

"पण बोलला ना? देवाने बलामाच्या गाढवीच्या तोंडूनही बोलवून घेतलं होतं, काका. शास्त्रातच आहे."

"गाढवी?" चैत्रामचा आवाज चढला. "मना वावरमा मनासंगे घाम गायेल मानूस गाढवी?"

"तुम्हाला त्याचा पुळका जास्त की प्रभूचा?"

फीत काढून टाक, एवढेच चैत्राम पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गोपालने समोरच ती पुसली आणि हात झटकले. ती आपल्या मोबाईलवरून गेली, दुसऱ्यांच्या मोबाईलना आपण काय करणार, असे तो म्हणाला. त्याचे ते म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच चैत्रामला ते सोसवेना. रागाने मूठ वळावी तर मारायला समोर काही उरलेच नव्हते.

संध्याकाळी चैत्राम नथ्थूकडे गेला, तेव्हा नथ्थूचे दार अर्धे लोटलेले होते. ते नथ्थूने पुरते उघडले नाही. गावच्या मशिदीचे मौलाना भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला एकांतात बोलावून एवढेच सांगितले होते की, चार लोकांसमोर एकदा कलमा म्हणून टाका, म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडे बंद होतील. त्याचा जावई मात्र फोनवर त्याला बाटगा म्हणाला होता. नथ्थूने मशिदीत उभे राहून कलमा, आपल्या श्रद्धेची ग्वाही, म्हटला होता.

"जो घरमाईन बाहेर गयाच नही," नथ्थू फटीतून म्हणाला, "त्याले चार लोकेसम्होर घरमा ये म्हनतस. समजस का तुले, कसं लागस ते?"

"नथ्थू, माले माहीत नव्हतं. देवनी आन."

"कोनता देवनी?" नथ्थूने विचारले आणि दार लावून घेतले.

पेरणीचे दिवस चालले होते. दादरला वरून पाणी लागत नाही. पावसाळ्याने जमिनीच्या पोटात ठेवलेल्या ओलीवर ती येते, आणि ती ओल रोज बोटभर खाली सरकते. चैत्राम सकाळी पट्टीत जाई, बोट जमिनीत खुपसे, आणि घरी येऊन कोणाशी न बोलता बसे. वरच्या अंगाची ढेकळे पांढरी पडू लागली होती. हौशा दावणीला उभा राहून उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे मान वळवी. शेजारच्या लोटनने आपला बैल देऊ केला, तोही आपण होऊन. पण त्याचाही बैल डावा निघाला. एका जुवाला दोन डावे! हौशाने लाथ झाडली आणि पेरणीच्या पाभरीचा दांडा मोडला. सुताराकडून तो बसवून आणण्यात आणखी वेळ गेला.

"तुमना दोन्हीसना देव मोठा," बुधीबाई चुलीपुढून म्हणाली. "मना पोरेसनी भाकर धाकली. कोन खरा ते ठरीसन तुम्ही जोंधया खाशात का?"

"मी काय करू, बुधी? मनं काय चुकनं?"

"तुनं सांगनं त्यानी भरी सभामा सांगं. त्यानं सांगनं तू कोठे सांगं अजून?"

रविवार अजून यायचा होता. पण ओसरीवर आता कोण येणार होते?

चैत्राम नानांकडे गेला. नाना वाळून गेल्यासारखे दिसत होते. "शिस्त माझी होती," ते म्हणाले. "आमचे आचार्य पूर्वपक्ष इतका जोरकस मांडत की, ऐकणाऱ्याला वाटावे, हा पलीकडेच गेला. पण ऐकणारा उत्तरपक्षापर्यंत बसून राहत असे. हल्ली तो बसत नाही, हे मला कळायला हवे होते. चैत्राम, तू तुझी बाजू आता मांडलीस तर तुझेही तेच होईल."

"व्हऊ द्या," चैत्राम म्हणाला. त्याला ते शौर्य वाटले नव्हते. दुसरे करण्यासारखे काहीच सापडत नव्हते, इतकेच.

शुक्रवारी जुम्याची नमाज सुटली तेव्हा तो मशिदीबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता. मौलानांनी विचारले, "चैत्रामभाऊ, तुम्ही कशाला तसदी घेता?"

"मना वाटा बाकी शे," चैत्राम म्हणाला. मग तो लोकांकडे वळला. "मोबाईल काढा. बठ्ठा काढा. फक्त मधमाईन तोडू नका. आते मी चैत्राम नही. मी नथ्थू शे."

आणि त्याने नथ्थूचे म्हणणे मांडले. देव एक आहे. त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही. त्याने प्रत्येक लोकसमूहात माणसे धाडली, इब्राहिम, मूसा, दाऊद, ईसा. ईसाचा मान एवढा की ते बापाविना जन्मले, आणि त्यांच्या आईचे नाव घेताना आवाज खाली येतो. पण धाडलेला धाडणाऱ्याएवढा कसा होईल? आधीचे कलाम, म्हणजे देवाचे शब्द, खरेच होते. पण पाण्याची घागर हातोहात फिरली की कोणाचे ना कोणाचे बोट आत बुडते. म्हणून शेवटचा कलाम देवाने असा दिला की, तो लोकांच्या छातीत पाठ राहावा. कागद जळला तरी अक्षर जळू नये. आणि पैगंबरसाहेब मोहरेसारखे आले. पाकिटाला मोहोर लागली की त्यात पुन्हा काही घालत नाहीत. बोलता बोलता चैत्रामला जाणवले, आपण हे पाठ म्हणत नाही आहोत. हे सगळे समजलेले आहे आणि तरी आपले नाही. त्या दोन्हींच्या मध्ये उभे राहणे किती अवघड आहे हे नथ्थूला रविवारी कळले असेल, आणि ते त्याने एकट्याने सोसले.

"हाई नथ्थूनं सांगनं शे," तो शेवटी मोठ्याने म्हणाला. "मनं नही. मनं निरायं शे, आनी ते मी मरस तव्हलोंग सांगसू."

मौलानांनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. गर्दीत मागे नथ्थू उभा होता. तो पाठ फिरवून निघून गेला.

त्याही फितीची सुरुवात कोणीतरी तोडली, आणि शेवटही तोडला. रविवारी उपासनेला चैत्राम गेला तेव्हा मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याला बाजूला घेतले. ते चोपड्याहून येत. स्वभावाने मऊ होते. मंडळीत कुजबुज आहे, ते म्हणाले, तेव्हा काही दिवस प्रार्थना चालवू नका, आणि आज प्रभुभोजनाची भाकर-प्यालाही घेऊ नका. पुढे बसून बोलू. चैत्रामने सांगून पाहिले. पाळकांनी मान हलवली. त्यांना समजले होते. पण मंडळीला समजावण्याचा त्यांना आजच धीर नव्हता. भाकर आणि प्याला त्याच्यासमोरून पुढे गेला. पुढच्या बाकावर गोपाल मान खाली घालून बसला होता. आयुष्यात प्रथमच चैत्राम आमेन म्हणायला विसरला.

सोमवारी उजाडताना तो पट्टीत गेला. बोट खुपसले. वरच्या अंगाला आता ओल लागत नव्हती. नाल्याकडच्या खालच्या अंगाला होती, जेमतेम. त्याने हौशाला मोकळा सोडला आणि जू-पाभर पडलेल्या बांधावर बसून राहिला. कोणावर रागवावे हे त्याला कळत नव्हते. गोपालवर? त्याने तर प्रभूचेच काम केले, असे त्याला मनापासून वाटत होते. मौलाना, पाळक, दोघेही भले. नाना तर त्याहून भले. इतकी भली माणसे मिळून हे झाले होते.

मागून घुंगरांचा आवाज आला. हौशाने आधी मान उचलली. शेरू बांधावरून खाली उतरत होता, आणि त्याच्यामागे नथ्थू.

"तुनं चुकनं," नथ्थू म्हणाला.

"माहीत शे. माफ कर."

"ते नही रे. शुक्कारनं." नथ्थूने शेरूला जुवाच्या उजव्या अंगाला आणले. "मोहोरनं अर्धं सांगं तू. मोहोर लागनी म्हंजे मांगलं खोटं असं नही. मांगलं पुरं व्हयनं, असं शे. ईसाले नही मानस तो मुसलमान नही. हाई तू सांगंच नही. माले उभं ऱ्हावायनं नही, म्हनीसन गऊ."

चैत्रामने त्याच्याकडे पाहिले. मग पाभर उचलली. "आनी तू पवित्र आत्म्यानं एक अक्षर बोलना नही त्या रईवारे. मी गप्प ऱ्हायनू."

"ते माले समजसच नही, त्याले मी काय करू?"

"माले तरी कोठे बठ्ठं समजस?"

"मंग वरथून कसाले सांगस?"

"नथ्थू," चैत्राम पाभरीचा दांडा धरून म्हणाला, "त्या दिवशी मी डाकियानं बोलनू. ते वाक्य मनं नव्हतं."

नथ्थू जुवाची दोरी आवळत होता. "आनी बदलाई टाका म्हननू ते मनं नव्हतं," तो म्हणाला. "मनं शे, पन तसं नव्हतं. चाल. वल जाई ऱ्हायनी."

वरची पट्टी त्यांनी सोडून दिली. तिथे आता काही उगवणार नव्हते. खालची मात्र दोघांनी मिळून पेरली, आधी चैत्रामची, मग नथ्थूची, आणि प्रत्येक ओळीच्या वळणावर काही ना काही बोलणे होते. न्याहारी घेऊन आलेली बुधीबाई लांबूनच ओरडली, "कोन जिंकनं?" दोघे पुढच्या ओळीला वळले.

वाद सुटला नव्हता. तो सुटणारही नव्हता, आणि सुटावा अशी दोघांपैकी कोणाची अपेक्षाही नव्हती. नथ्थूचा जावई अजून फोन उचलत नव्हता. चैत्रामला प्याला केव्हा मिळेल हे पाळकांनी सांगितले नव्हते. आपापल्या माणसांत दोघेही संशयित होते.

नाना फिरायला आले होते. ते नाल्यापलीकडे काठी टेकून उभे राहिले आणि बियाणे जमिनीत जाताना पाहत राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि मनातल्या मनात म्हटले: ओल जितकी खोल गेली असेल तितके या दाण्यांचे मूळ खोल जावो. या दोघांना आपापल्या घरी पुन्हा बसायला जागा मिळो. आणि यापुढे यांचे बोलणे कोणी मध्येच न तोडो. शेवटपर्यंत ऐकणारा एक तरी यांना सदैव लाभो.